वेनची पाठ

आमच्याकडे ऊन पाहुण्यासारखं येतं, चहा पिऊन निघून जातं. बाकी वर्षभर धुकं आणि भुरभुर. चाळिशी उलटली की नदीकाठच्या या गावात प्रत्येकाच्या हाडांत ओल शिरते, आणि ती काढायला सगळे लुओ फांगलानचं दार गाठत. नदीतले काळे चपटे गोटे आलं आणि उग्र दवण्याच्या पाण्यात उकळायचे, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायचे, मग गिऱ्हाइकाच्या पाठीवर फिरवायचे. हात असा, की रडत आलेला हमाल घोरत पडे.

मग समोरच थाओ नावाच्या विधवेने दुकान थाटलं. तीही गोटेच तापवी, पण तांदळाच्या दारूत तिरफळं घालून. फांगलान म्हणाली, "पाठ शेकते की मासा मुरवते?" गल्ली हसली. फांगलान मात्र खिडकीतून तिची गिऱ्हाइकं न्याहाळत बसे.

एके दुपारी नवरा, म्हातारा वेन, घरी आला तो तिरफळांचा वास घेऊनच.

"कुठे होतास?"

"मासे खाल्ले, बाजारात."

फांगलानने मागून त्याचा सदरा वर केला. कण्याच्या दोन्ही बाजूंना लालबुंद पट्टे, अजून कोमट.

"मासे काय पाठीने खाल्लेस, मेल्या?"

छत्रीही न घेता ती तरातरा समोर गेली. शेवया विकणाऱ्या म्हाताऱ्या जिनने चुलीवरचं भांडं उतरवलं. असा तमाशा सोडायचा कसा?

"माझा माणूस पळवतेस?"

थाओ गोटे पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "ताई, माणूस तुमचाच आहे. त्याची पाठ मात्र कुणाचीच नव्हती. एवढी ओल मुरलेली, की पहिले दोन गोटे ठेवताच थंड पडले. अख्ख्या गावाला शेकता, घरी कधी गोटा लावलात?"

रोज संध्याकाळी वेन पाठ चोळत उभा राहायचा, आणि फांगलान म्हणायची, "उद्या."

घरी येऊन तिने त्याला पालथं झोपवलं. रागाच्या भरात गोटा मनगटाला लावून बघायचंच विसरली. वेनची किंकाळी नदीपार गेली.

"ती हळू ठेवते गं!" तो कळवळला. भोळा बिचारा, कुठे काय बोलावं ते कळतच नाही.

दुसरा गोटा फांगलानने मनगटाला लावला, फुंकर घातली, पुन्हा लावला, आणि अलगद ठेवला. वेन पुटपुटला, "जरा खाली."

तेव्हापासून दुकान उघडलं की पहिला मान वेनचा. त्याची पाठ पुरती शेकून होईपर्यंत गिऱ्हाइकांनी बाकावर कुडकुडत बसायचं. ज्यांना दम निघत नाही, ते उठून समोर थाओकडे जातात. तिच्याकडे हल्ली रांग लागते. फांगलानला दिसतं सगळं, जळफळाटही होतो, पण वेनच्या पाठीवरचा हात काही ती काढत नाही.