डेंग्यूत दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी

"सर, ही लघवी बघा," सिस्टरनं युरिन बॅग उजेडात धरली. कोऱ्या चहासारखी काळी.

बेडवर शेवंताबाई होत्या. वय पंचावन्न, साखरा गावच्या. पाच दिवसांपूर्वी ताप आला, टेस्टमध्ये डेंग्यू निघाला. ताप आता उतरला होता, पण मांडी उचलता येत नव्हती.

"मायचं अंग असं ठणकून राहिलं की हातबी लावू देईना," मुलगा गजानन म्हणाला. त्याचं वारंगा फाट्यावर मेडिकल आहे.

मी हिंगोलीत फिजिशियन आहे. डेंग्यूत प्लेटलेट पडतात, पोटात पाणी होतं, हे नेहमीचं. ही लघवी नेहमीची नव्हती. मी सीपीके तपासायला रक्त पाठवलं. स्नायू तुटले की त्यांच्यातला हा पदार्थ रक्तात वाढतो. सोबत स्नायूंचा लाल रंगही उतरतो आणि किडनीत अडकतो.

लॅबवाल्याचा फोन आला. "सर, सीपीके इतका वाढलाय की मशीन आकडाच देईना. रक्त पातळ करून परत लावतो."

मी गजाननला बाजूला घेतलं. "घरी काय काय दिलं?"

"पॅरासिटामॉल. ओआरएस."

"अजून?"

त्यानं खिशातून रिकामी स्ट्रिप काढली. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, ऐंशी एमजी. कोलेस्टेरॉलची गोळी. ऐंशी म्हणजे दिवसभराचा सगळ्यात मोठा डोस.

"सकाळी एक, संध्याकाळी एक. चार दिवस."

"अरे, काहून?"

"तुमीच सांगितलं व्हतं ना, सर."

सांगितलं होतं. पावसाळ्याच्या तोंडावर मेडिकलवाल्यांसाठी डेंग्यूवर माझं भाषण झालं होतं. व्हायरसचं स्वतःचं काहीच नसतं, असं मी समजावलं. तो आपल्या पेशीत शिरतो, तिचीच चरबी आणि कोलेस्टेरॉल वापरून स्वतःच्या नकला काढतो. ही रसद तोडली तर तो अडकेल का, हे शास्त्रज्ञ टेस्ट ट्यूबमध्ये कोलेस्टेरॉलच्या जुन्या गोळ्या वापरून तपासतायत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. 'माणसांमध्ये फायदा सिद्ध झालेला नाही' ही शेवटची स्लाइड होती. तोवर लोक उठायला लागले होते. मी ती भरभर पुढे सरकवली.

सलाइन जोरात सुरू केलं. दुपारपर्यंत लघवी थांबली. डायलिसिससाठी नांदेडला फोन लावला. ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना शेवंताबाई म्हणाल्या, "पोराला रागावू नका, डॉक्टर. त्यानं चांगल्यासाठीच दिलं."

तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

आठवड्यानं गजानन आला. डोकं भादरलेलं. खुर्चीत बसला नाही.

"सर, बराबर सांगा. माय माझ्या गोळीनं गेली का?"

"डेंग्यूतही स्नायू तुटतात, किडनी बंद पडते. त्यात किती वाटा डेंग्यूचा, किती गोळीचा, कुणालाच सांगता येणार नाही."

"पण वाटा हाय."

"असू शकतो," मी म्हणालो. "आणि माझाही आहे. मी अर्धंच सांगितलं."

 तो निघून गेला.

औषधाच्या दुष्परिणामाचा सरकारी फॉर्म मी भरला. गोळी, डोस, किती दिवस, सगळं लिहिलं. गोळी कुणाच्या सांगण्यावरून दिली, असा रकाना त्यात नव्हता. मी समासात माझं नाव लिहिलं.

भाषणं अजून करतो. फक्त सुरुवात एका वाक्यानं करतो: टेस्ट ट्यूबला किडनी नसते.