बंद खोलीतलं शिलाई मशीन

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली 'भिंगवाले' म्हणे. माणूस सरळमार्गी. नाद एकच, भुताखेतांच्या गोष्टी वाचायचा. गायब झालेली जहाजं, हाका मारणाऱ्या विहिरी, असलं काही छापलेलं हाती लागलं की पुढ्यातला डबा गार व्हायचा. बायको म्हणायची, "घरातली जिवंत माणसं तुम्हाला दिसत नाहीत, मेलेली मात्र बरोबर दिसतात!" ते ओशाळं हसायचे. दिवसभर केसाएवढा फरकही मोजणाऱ्या त्यांना, कुणालाच मोजता येणार नाही असं जगात काहीतरी असावं, असं मनापासून वाटायचं.

ते घेत असलेल्या भुताखेतांच्या मासिकात वाचकांच्या अनुभवांचं एक सदर यायचं. वीस वर्षं वाचूनही आपल्याला एक साधा अनुभव येऊ नये, ही त्यांची खंत. शेवटी एका रविवारी त्यांनी तो स्वतःच रचला.

समोरच्या घरात टेलरकाकू राहायच्या. टेलरना जाऊन तीन वर्षं झाली होती. माडीवर दोन खोल्या. एकीत भाडेकरू टायपिस्टबाई, दुसरी बंद, तिच्यात टेलरचं शिलाई मशीन. भिंगवाल्यांनी लिहून टाकलं, रोज दुपारी त्या कुलूपबंद खोलीतून मशीन चालल्याचा आवाज येतो. नावगाव दिलं नाही, पण हिरवा जिना आणि खिडकीची तडकलेली काच जशीच्या तशी उतरवली.

छापून आलं, आणि भिंगवाले आठवडाभर हवेत होते. मग सलूनमध्ये कुणीतरी तो जिना ओळखला. पंधरा दिवसांत टायपिस्टबाईंनी बाडबिस्तरा आवरला. खोली बघायला येणारे कोपऱ्यावर चौकशी करून परस्पर काढता पाय घेऊ लागले.

काकू समोरून आल्या की भिंगवाले चपलेचा पट्टा नीट करायला वाकत. दोन महिने असे काढल्यावर एका दुपारी ते मन घट्ट करून काकूंच्या दारात उभे राहिले.

"काकू, एक सांगायचं होतं."

"आधी बसा. मलाच तुम्हाला सांगायचंय." काकूंनी आवाज खाली आणला. "लोक म्हणतात ते खरं आहे हो. मीही ऐकते. जेवण उरकलं की जिन्यात जाऊन बसते. आधी घाबरले होते. आता बरं वाटतं. हे वर कामाला बसलेत, असं वाटतं."

गप्प बसावं, काकूंचा विरंगुळा मोडू नये, असं भिंगवाल्यांचं एक मन म्हणालं. पण ते मन स्वतःची सुटका शोधतंय, हेही त्यांना कळत होतं.

"काकू, ते मी लिहिलं. सगळं मनाचं. आवाजबिवाज काही नव्हता."

काकूंनी विचारलं, "कशासाठी?"

"छापून यावं म्हणून."

"खोली रिकामी पडली, ते एक वेळ सोडा," काकू म्हणाल्या. "पण मग मी जिन्यात कुणासाठी बसत होते हो?"

काकू उठून दारापर्यंत गेल्या.

"या तुम्ही आता," काकू म्हणाल्या.

भिंगवाल्यांनी मासिकाला खुलासा पाठवला, तो छापला गेला नाही. मग टायपिस्टबाईंचं ऑफिस गाठून चारचौघांत कबुली दिली. बाईंनी त्यांची चांगलीच हजेरी घेतली. त्या परतल्या नाहीत, पण त्यांच्या ओळखीची एक नर्स खोलीत राहायला आली. मशीन काकूंनी शिवणाच्या क्लासला देऊन टाकलं. आता त्या भिंगवाल्यांशी बोलतात, कामापुरतं. जिन्यात मात्र बसलेल्या दिसत नाहीत.

भिंगवाल्यांचं वाचन काही सुटलं नाही. मासिक आलं की हात आपोआप त्या सदराकडे जातो. अंगावर काटा अजूनही येतो, आणि तो येतो याचीच त्यांना शरम वाटते.