बारावी चिठ्ठी

प्राचार्य मंडळी पाठीमागे तिला ‘एकेकताई’ म्हणत. कौशल्य-शिक्षणाच्या संस्थांचे हे अकरा प्रमुख एका टेबलाभोवती जमले, की एकच कालवा व्हायचा आणि ती पेन आपटून म्हणायची, “एकेक, एकेक!” नऊ वर्षं तिचं हेच काम. बुजऱ्याला बोलतं करायचं, बडबड्याला आवरायचं आणि स्वतः मात्र मत म्हणून ब्रही काढायचा नाही.

आज तोच ब्र घशात अडकला होता.

तिचा थोरला भाऊ यातल्याच एका संस्थेत वेल्डिंग शिकवायचा. सात महिने यंत्रं बंद. पोरं फळ्यावरची ठिणगी वहीत उतरवून घेत होती. दुरुस्त करायच्या विभागांची यादी आज बैठक संपताच वर जाणार होती. यंत्रं बंद असून यादीत नाव नाही, तो विभाग कायमचा बंद, म्हणजे बावन्नाव्या वर्षी दादा घरी. आणि नाव देऊ शकत होता फक्त त्याचा प्रमुख. काळ्याभोर रंगवलेल्या मिशांचा तो माणूस तिच्यासमोर बसून चहात बिस्कीट बुडवत होता.

“आमच्याकडे सगळं उत्तम!” त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं.

“वेल्डिंगसुद्धा?” तिनं होईल तितक्या कोरड्या आवाजात विचारलं.

“अहो, झकास!”

“तुमच्याकडे गंजसुद्धा झकास चढत असेल,” शेजारच्या प्राचार्यबाई म्हणाल्या. सगळे हसले. मिशाही हसल्या.

सकाळी दादाचा फोन आला होता. “तू तोंड उघडू नकोस हं. माझं मी बघतो.”

“काय बघणार रे तू?”

“बंद यंत्रं. रोज बघतोच की.”

शेवटचा अर्धा तास चिठ्ठ्यांचा. तोंडानं सांगवत नाही ते बिननावी लिहायचं आणि पत्र्याच्या डब्यात टाकायचं. ती मोठ्यानं वाचणार, कुणाची चिठ्ठी ते कुणीही विचारायचं नाही. नियम तिचाच होता. या डब्याच्या भरवशावर भलीभली माणसं इथे खरं बोलली होती.

डबा फिरून तिच्याकडे आला. खिडकीकडे पाठ वळवून तिनं डाव्या हातानं दोन ओळी खरडल्या आणि डब्यात सोडल्या. मग डबा टेबलावर पालथा केला.

चौथी चिठ्ठी तिचीच निघाली. “एका संस्थेत वेल्डिंग सात महिने बंद आहे. पोरं चित्रं काढतायत.”

मिशा थरथरल्या. आता बोलेल, तिला वाटलं. आता बोलेलच.

“एक मिनिट,” कोपऱ्यातले वयस्कर प्राचार्य म्हणाले. जन्मभर गणित शिकवलेला माणूस. “आपण अकरा. चिठ्ठ्या बारा.”

सगळ्यांनी मोजल्या. मग सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“ही माझी,” ती म्हणाली. “माझा भाऊ शिकवतो तिथे.”

“म्हणजे आजवरच्या चिठ्ठ्यासुद्धा...” प्राचार्यबाईंनी वाक्य अर्ध्यावर टाकलं. गेल्या वर्षी याच डब्यामुळे त्या सगळ्यांसमोर रडल्या होत्या.

“नाही हो! शपथ! फक्त आजची!”

काहीतरी करायचं म्हणून तिनं पुढची चिठ्ठी उचलली. कागदावर चहाचा ओला डाग, त्याला बिस्किटाचा चुरा चिकटलेला. तिनं ती वाचली. “माझं वेल्डिंग बंद आहे. यादीत नाव द्यायचंय, पण द्यायचं म्हणजे सात महिने खोटं बोललो, हे कबूल करायचं. कुणीतरी विचारा मला.”

तिनं वर पाहिलं. त्याच्या बोटांना चुरा होता.

“हीसुद्धा यांचीच!” तो ओरडला. “मी चिठ्ठी टाकलीच नव्हती!”

गणिताचे प्राचार्य सावकाश म्हणाले, “तसं धरलं तर बेरीज जुळते.”

डागावर नुसतं बोट ठेवलं असतं तरी पुरे होतं. तिनं बोट उचललंही. पण समोर प्राचार्यबाई डब्याकडे भेदरून बघत होत्या. तिनं बोट मुठीत घेतलं आणि चिठ्ठीची घडी घातली.

यादी गेली. वेल्डिंगविना. बैठकीचं टिपण ठेवणाऱ्या चिटणीसांनी डबा उचलला आणि ते तिला म्हणाले, “पुढच्या वेळेपासून तुम्ही नाही आलात तरी चालेल.”

जिन्यात तिनं फोन लावला.

“बोललीस ना शेवटी?” दादानं विचारलं.

“दादा, तो आपणहून सांगत होता रे,” ती म्हणाली. “मी थांबायला हवं होतं.”