तिन्ही टोल्यांची मतं

सालेकशाच्या कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवत असे. आफ्रिकेतल्या एका देशाचा धडा मला भारी आवडे. तिथं जमाती अनेक, भाषा अनेक आणि पक्षही बरेचसे जमातीजमातीचे. पण अध्यक्ष व्हायचं तर नुसत्या आपल्या लोकांची मतं पुरत नाहीत, देशाच्या निरनिराळ्या भागांतून मिळवावी लागतात. एका पोरीनं विचारलं होतं, “मॅडम, आपल्या गावाले हा कायदा काऊन नाही?” तो प्रश्न मी डायरीत टिपून ठेवला.

निवृत्त झाल्यावर मी गावात सरपंचपदाला उभी राहिले. गावात तीन टोले, म्हणजे वस्त्या: आमचा पोवारांचा, एक गोंडांचा, एक छत्तीसगढी बोलणाऱ्यांचा. प्रत्येकाचं पॅनल वेगळं. आमच्या टोल्याचे पुढारी माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्यात भासरे धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नाहीत. मी समोरच उभी असताना ते नवऱ्याला म्हणाले, “तिले सांग, आपल्या टोल्याची मतं पुरतात. दुसरीकडं कायले फिरून राहिली?”

मीही नवऱ्यालाच म्हटलं, “त्यांना सांगा, तिन्ही टोल्यांची मतं मिळाली तरच मी खुर्चीवर बसेन.” भासऱ्यांनी रागानं दुसरा उमेदवार दिला.

निवडणूक नेमकी तेंदूपत्त्याच्या, म्हणजे विडीची पानं तोडायच्या दिवसांत आली. सकाळी ऐटीत गोंडांच्या टोल्यात गेले, तर दारांना कड्या. सगळे पहाटेच जंगलात गेलेले. राज्यशास्त्राची मास्तरीण मी, आणि एवढं कळू नये! दुपारी पुन्हा गेले आणि बायकांसोबत पानांचे पुडे बांधायला बसले. माझा प्रत्येक पुडा सुटे. एक म्हातारी हसत म्हणाली, “मत तं देतो तुले बाई, पण पुडे नोको बांधू.”

मोजणी वॉर्डवार झाली. आमच्या टोल्यात मी मागे पडले. गोंडांच्या टोल्यानं मला वर काढलं, छत्तीसगढी टोल्यानं पुढं नेलं आणि मी जिंकले! आमच्या टोल्यानंही कमी का होईना, मतं दिलीच होती. तहसील कचेरीबाहेर मी गुलालात नाचले. साठीची बाई नाचते म्हणून कोणी हसलं असेल तर हसो.

तिसऱ्या दिवशी भासरे दारात आले. नवरा घरी नव्हता. मी सवयीनं पदर डोक्यावर घेऊन आत वळले. ते घुटमळले, खाकरले आणि लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्याशी बोलले.

“सरपंचबाई, टोल्यातली बोरिंग बंद हाये. कधी पाहता?”

मी मागे फिरले. “चला,” म्हटलं, “आत्ताच पाहू.”