पत्र्याची होडी

मुळशी धरणाच्या काठी एका माणसाची चहाची टपरी आहे. पूर्वी तो जहाजावर स्वयंपाकी होता. "इथं बघण्यासारखं काय?" असं एखाद्या पर्यटकानं विचारलं, की तो धरण सोडून ग्रीसमधलं पिरियस बंदरच दाखवायला लागतो. "तितं ऑक्टोपस दोरीवर वाळत घालत्यात, आपल्या धोतरावानी. म्हातारी मानसं एका कपावर आख्खी दुपार काढत्यात. आन् घरचं मानूस दर्यावर गेलं की ते सुखरूप परत यावं म्हनून बायका चर्चमंदी पत्र्याची बारकी होडी टांगत्यात." बोलताना तो हसतो, पण पाण्याकडे पाठ कधी करत नाही, हे मी हेरलं होतं.

त्या रविवारी माझी मुलगी मैत्रिणींबरोबर होडीतून गेली आणि एकदम वारा सुटला. होडी दिसेनाशी झाली. मी टपरीच्या बाकावर चहा तसाच ठेवून उठले. त्यानं गॅस बंद केला, तेलाच्या डब्याचा पत्रा कापून बोटाएवढी होडी केली आणि टपरीमागच्या उंबराला बांधली.

"घाबरू नगा, ताई," तो म्हणाला. त्यानं गाठ पुन्हा एकदा आवळली.

बऱ्याच वेळानं मुली काठाला लागल्या, भिजलेल्या आणि खिदळत. मी लेकीला कवटाळलं. तो झाडाकडे गेला आणि पत्र्याची होडी सोडवू लागला.

"आली न्हवं घरी? मंग काढाय पायजे."

तेव्हा मी वर पाहिलं. त्याच फांदीवर, जरा उंच, गंजून गेलेल्या आणखी दोन होड्या वाऱ्यावर हलत होत्या.