बिनस्टिअरिंगची मास्तरीण

लग्नानंतर थोड्याच दिवसांत माझा नवरा कुवेतला गेला. मोठाल्या इंजिनांचा फिटर होता तो. मी मेडशीच्या शाळेत शिकवत होते. घरी मी आणि सासू, दोघीच. काही वर्षांनी त्याचा निरोप आला की कायमचा परत येतोय, आणि येताना एक मोठी वस्तू आणतोय. आम्ही समजलो फ्रिज. सासूबाईंनी माजघरातली ज्वारीची कणगी सरकवून भिंतीशी ऐसपैस जागा केली आणि शेजारणींना सांगून टाकलं, "आता थंडं पानी प्याले आमच्याच घरी येत जा."

एका दुपारी घरासमोर जी वस्तू येऊन थांबली, तिचं तोंड आमच्या दारात होतं आणि शेपूट पिठाच्या गिरणीपुढे. खाली मोरपंखी, वर पांढरी, मागे दोन्ही बाजूंना माशासारखे पर. अमेरिकन मोटार! आणि आतून माझा नवरा उतरला, धुळीने पांढरा झालेला, पण हसत.

सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. गाडीला एक चक्कर मारून म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या गाडीत सामान काय आनलं रे बाबू?"

"गाडीच आनली, माय."

"अन् फ्रिज?"

तो खांद्यावरच्या रुमालाने गाडीची काच पुसायला लागला.

झालं होतं असं. कुवेतला एका अमेरिकन इंजिनिअरकडे ही पंधरावीस वर्षांची जुनी गाडी होती. तिची दुरुस्ती नेहमी माझा नवराच करायचा. करता करता जीव जडला. साहेब मायदेशी निघाला तेव्हा ह्याने ती विकत घेतली. त्या काळी परदेशातून गाडी आणणं म्हणजे चेष्टा नव्हती, पण बरीच वर्षं बाहेर राहून परतणाऱ्याला स्वतःची वापरलेली गाडी आणता यायची. मग ती जहाजात चढली आणि मुंबईच्या गोदीत उतरली.

गोदीतल्या कस्टमच्या साहेबाने सगळं तपासलं. शेवटी विचारलं, "हिच्यात पेट्रोल कुठून घालतात?" झाकण काही दिसेना. साहेब वाकून पाहतोय, गुडघ्यावर बसून पाहतोय. नवऱ्याने मागच्या लाल दिव्याची एक कळ फिरवली, तर अख्खा दिवा कपाटाच्या दारासारखा उघडला आणि आत झाकण. साहेब इतका खूश झाला की त्याने सगळं ऑफिस बोलावलं. प्रत्येकाने एकेकदा दिवा उघडून पाहिला आणि मग गाडी सुटली. ही हकिकत नवरा अजूनही सांगतो, आणि दर वेळी ऑफिसातली माणसं वाढतात.

गाडीची खरी गंमत मात्र वेगळीच होती. अमेरिकेत रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून तिचं स्टिअरिंग डावीकडे. आपल्याकडे ड्रायव्हर बसतो त्या उजव्या जागेवर मी बसायचे.

पहिल्यांदा वाशीमला माझ्या बहिणीकडे निघालो तेव्हा सहामाहीचे पेपर तपासायचे राहिले होते. मी गठ्ठा मांडीवर घेतला, लाल पेन्सिल काढली आणि मान खाली घालून सुरू केलं. समोरून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने मला पाहिलं आणि बस सरळ रस्त्याखाली तुरीच्या शेताच्या धुऱ्यावर घातली. एक सायकलवाला सायकल टाकून बाभळीमागे गेला. मला काहीच कळेना. वाटेतल्या मालेगावात शिट्टी वाजली.

हवालदार माझ्या खिडकीशी आला. "बाई, गाडी चालवून राह्यल्या का पेपर तपासून राह्यल्या?"

"पेपर," मी खरं ते सांगितलं.

"अन् गाडी कोन पाह्यते?"

"हे पाह्यतात ना."

त्याने वाकून पलीकडे पाहिलं. मग पूर्ण फेरी मारून नवऱ्याच्या बाजूला गेला आणि स्टिअरिंगच्या चाकाला हात लावून पाहिला. "हे इकडे काहून बसवलं?"

"अमेरिकेतूनच तसं येते, साहेब."

"फसवलं तुमाले," हवालदार कळवळून म्हणाला. "वापस करा. बदलून देतील."

त्यानंतर बोलबाला झाला. मेडशीची एक मास्तरीण चाकाला हात न लावता गाडी चालवते, हे थेट कामरगावच्या बाजारापर्यंत गेलं. एक दिवस तिथले एक गृहस्थ दारात आले. मुलीचं लग्न होतं, वरातीला गाडी हवी होती. नवऱ्याने आनंदाने होकार दिला. ते म्हणाले, "गाडी बाईसंगंच पायजे. अन् बाई, पेपर बी घ्या बरं."

गेले मी. नवरदेव मागच्या सीटवर फेटा सावरत बसला होता, पण त्याच्याकडे बघतो कोण? सगळं गाव माझ्या खिडकीशी. एका म्हातारीने माझे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. "कुठून फिरवतं वं माय हे?"

"मनातून," मी म्हटलं. तिने कानशिलावर बोटं मोडली. मला चहा आला, चिवडा आला, हार आला. माझ्या नवऱ्याला लोकांनी कंडक्टर समजून मागे सामान बांधायला लावलं. येताना तो गाडी नुसती दामटत होता. घर जवळ आल्यावर म्हणाला, "आता तूच चालव. मी पेपर तपासतो."

तो चिडून बोलला, पण मी शब्द धरला. जऊळक्याला स्टेशनजवळच्या मोकळ्या जागेत शिकले. पाय पुरत नव्हते म्हणून पाठीशी उशी लावली. एकदा ब्रेक समजून भलतंच दाबलं आणि गाडी हळूच कडब्याच्या गंजीत शिरली. चारी काचांबाहेर नुसता कडबा. मागे सासूबाई बसल्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "आली का वाशीम? उतरू का?"

पुढे मी खरोखरच गाडी चालवत मालेगावातून गेले. उजवीकडे नवरा हाताची घडी घालून बसलेला. तोच हवालदार. त्याने नवऱ्याला कडक सलाम ठोकला. "झालं ना साहेब बदलून? आता कसं बरोबर दिसते!" माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. नवऱ्याने मात्र मान हलवून सलाम घेतला.

पुढे पेट्रोल भडकलं आणि ही गाडी तर ते घटाघटा प्यायची. नवऱ्याने जड मनाने ती एका टुरिंग टॉकीजवाल्याला दिली आणि जुनी जीप घेतली. तेव्हा मी ठरवलं, की आता रीतसर लायसन काढायचं.

अकोल्याला आरटीओची परीक्षा होती, त्यांच्याच गाडीत. साहेब कागद घेऊन डावीकडच्या दाराशी आले, तर त्यांच्या जागेवर मी सवयीने आधीच बसलेली. ते थांबले. मीही थांबले. 

"बाई, सुरू करा," शेवटी ते म्हणाले.

मी हात पुढे केले. समोर चाकच नव्हतं.

साहेबांनी खिडकीतून डोकं आत घातलं आणि विचारलं, "तुम्ही मेडशीच्या का?"