बुरैद्याच्या बागेतले मुनवे

"साहब, बच्चे क्यों नहीं गिने?"

बागेचा मुकादम रहीमचाचा फोनवर विचारत होता. तो मुलतानचा. मी सौदीतल्या बुरैदा शहरात, हॉटेलच्या खोलीत एकटाच जेवत होतो. अहवाल सकाळीच बँकेकडे गेला होता आणि त्याची प्रत बागमालकाकडे.

बावीस वर्षे पॉलिटेक्निकमध्ये शिकवल्यावर, पन्नाशीत मी रियाधमधील एका फर्ममध्ये व्हॅल्युअर झालो. व्हॅल्युअर म्हणजे मालमत्तेची किंमत ठरवणारा. ही खजुराची बाग अबू सालेह यांची. भावाच्या बुडालेल्या धंद्यापायी ती गहाण पडली होती. बागेची किंमत कर्जाहून जास्त ठरली, तर राहते घर विक्रीतून वगळू, असे बँकेने लेखी दिले होते. माझ्या अहवालात ती थोडक्यात कमी पडली होती.

मी रत्नागिरीचा. माड मोजावेत तशी मी ती झाडे मोजली: एक खोड, एक झाड. बुंध्याशी फुटलेली रोपे मला माजलेले रान वाटली. 'देखभाल असमाधानकारक' असा शेरा मारून मी किंमत उलट उतरवली. वास्तविक ते केळीला फुटतात तसे मुनवे होते, रहीमचाचाचे 'बच्चे'. सुक्करी या गोड जातीच्या मुनव्यांना लागवडीसाठी चांगली मागणी असते.

"अबू सालेह दिनभर साथ थे. बोले क्यों नहीं?" मी विचारले.

"मेहमान को कौन टोके? और आपने भी तो कुछ पूछा नहीं."

ते खरे होते. त्यांनी कहवा दिला, मी झाडे मोजली. माझे अरबी तोडके आणि स्वभाव त्याहून तुटक. दिवसभर शेजारी चालूनही आमच्यात चार वाक्ये झाली नव्हती.

मी मॅनेजर नायरसाहेबांना फोन केला.

"रिव्हाइज्ड रिपोर्ट? तुमचं प्रोबेशन चालू आहे. तुमचा इथे राहायचा परवाना, इकामा, फर्मच्या हातात आहे. फार तर फूटनोट टाका."

"फूटनोट कोणी वाचत नाही, सर."

"मग चूक तुमची म्हणून लिहा. फर्मची नाही."

"लिहितो."

दोन दिवस पुन्हा मोजणी केली. या वेळी अबू सालेह स्वतः गुडघ्यांवर बसले. स्वतःची मुळे धरलेला मुनवाच विकला जातो. ते माती बाजूला सारून पाहत आणि मुळे नसली, की "ला" म्हणत. ला म्हणजे नाही. मी हिशोबात घेतलेले कितीतरी मुनवे त्यांनीच बाद केले. घर पणाला लागलेले असताना.

तरीही आकडा कर्जाच्या किंचित वर गेला. बँकेने मान्य केला. बाग विकली गेली, घर राहिले. आता त्यांच्या अंगणाला लागून नव्या मालकाची भिंत आहे.

मला फील्डवरून काढून रियाधच्या ऑफिसात बसवले. मी इतरांचे अहवाल तपासतो. अहवालाच्या फॉर्ममध्ये मी एकच प्रश्न वाढवला: मालकाशी सविस्तर बोलणे झाले का? बहुतेक जण मालकाला न भेटताच 'होय' लिहितात. म्हणून मी स्वतः मालकांना फोन करतो. निदान त्या निमित्ताने दिवसाकाठी कोणाशी तरी बोलणे होते.